उभं शीड, आडवं शीड

शिडाचं पोट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही आणि मग माझ्या नावानं बोटं मोडाल.

शीड म्हणजे चादर नव्हे. चादर सपाट असते. शीड सपाट शिवलं तर वारा त्याला थपडा मारून निघून जातो, होडी जागची हलत नाही. म्हणून कापडाच्या पट्ट्या जोडताना मध्ये झोळ ठेवायचा आणि कडेचा दोर ताणून शिवायचा. मग वारा भरला की शीड पोटुशीसारखं गोल फुगतं. या झोळाला आम्ही पोट म्हणतो. ते किती ठेवायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. माझे वडील मालकाला त्याच्या मचव्याबद्दल, म्हणजे मालवाहू होडीबद्दल, दोन प्रश्न विचारायचे, जरा वेळ खाडीकडे बघायचे आणि खडूनं रेघ ओढायचे. त्यांच्यामागे मी ठाण्याच्या खाडीकाठी तेच केलं. तळहाताला चामड्याचा पट्टा, जाड वाकडी सुई, मेण लावलेला दोरा आणि मांडीवर जडशीळ कापड. या धंद्यात पाठ मोडते आणि डोळे जातात. माझे गेलेच. आता वर्तकनगरात मुलाकडे असतो. समोरच्या बिल्डिंगीत साड्या वाळत असतात, त्यातली कुठली नीट फुगली आणि कुठली नाही एवढं मात्र मला अजून बरोबर कळतं. सून म्हणते, "बाबा, लोक काय म्हणतील!" म्हणू देत.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका मचवेवाल्याचा मचवा उशिरा पोचला की दोष माझ्या शिवणीचा. लवकर पोचला की तांडेल, म्हणजे मचवा चालवणारा, हुशार. एका नाटक कंपनीला समुद्राच्या देखाव्यासाठी खरंखुरं शीड पाहिजे होतं. मी म्हटलं, अहो, वास येईल. ऐकलं नाही. पहिल्याच प्रयोगाला नायिका भर प्रेमाच्या संवादात नाक धरून आत पळाली आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर माझ्या दारात भांडायला हजर. मी पण सोडतो की काय!

पण पन्नास सालाच्या पुढे मचव्यांना इंजिनं बसायला लागली आणि धंद्याला ओहोटी लागली. मालक जुनी शिडं माझ्याकडे आणून टाकायचे. "मास्तर, असू द्या तुमच्याकडे." शीड फेकून द्यायला कुणाचा हात होत नाही आणि घरात ठेवायला बायको देत नाही. माझ्या दुकानात ढीग लागला. माझी पोरं त्यात लपाछपी खेळायची, दुपारची त्याच्याखाली झोपून जायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

अशाच एका वर्षी दिवाळी होऊन गेलेली, आकाशकंदील अजून उतरले नव्हते, आणि भलत्याच दिवसांत तुफान झालं. ठाण्यात कौलं उडाली, झाडं पडली, आम्ही घर धरून बसलो. वारा थांबल्यावर बातमी आली. ठाकुर्लीच्या खाली खाडीला लागून एक पाडा होता, तो गेला. पडला नाही, गेला. भरतीचं पाणी आणि वारा एकदम आले आणि कुडाची घरं उचलून घेऊन गेले. बायका-पोरं वरच्या टेकाडावर चढली म्हणून वाचली. आणि पाड्यातले बहुतेक बाप्ये एकाच मोठ्या मचव्यावर कामाला होते. तो मचवा लाकूड भरायला वसईच्या पल्याड गेलेला. परत आला नव्हता.

मला काय सुचलं असेल सांगा. माझ्याकडे शिडांचा ढीग, तिकडे माणसं उघड्यावर. मी सायकल काढली आणि ओळखीच्या सगळ्या मचवेवाल्यांकडे फिरलो. कुणी हो-नाही केलं, कुणी फाटकं काढून दिलं. एकानं तर शिडावर आपलं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून देतोस का म्हणून विचारलं. ज्याला आम्ही सगळे कवडीचुंबक म्हणायचो त्यानं मात्र बिनबोभाट आपलं चांगल्यातलं शीड दिलं. ठाण्यातल्याच खोपट भागातल्या एका लॉरीवाल्यानं भाडं घेतलं नाही. कल्याणहून वळसा घालून आम्ही टेकाडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा खरं सांगतो, माझीच छाती शिडासारखी फुगली होती.

टेकाडावर सात-आठ घरच्या बायका, त्यांची पोरं आणि चार म्हातारेकोतारे. शाळेत दुसऱ्या गावांची माणसं भरलेली, सरकारी तंबू येणार येणार चाललेलं. स्टेशनाजवळच्या गोदामात जागा होती, पण या बायका तिकडे जाईनात. तिथून खाडी दिसत नाही म्हणाल्या.

मी कामाला लागलो. शिडाचं छप्पर करायचं तर पहिल्यांदा त्याचं पोट काढावं लागतं. नाहीतर त्याच झोळात पावसाचं पाणी साठतं आणि हंडाभर पाणी झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. मी प्रत्येक शिडाला मधोमध चुणी घातली, बांबू ठोकले, चारी बाजूंनी ताणून बांधलं. संध्याकाळपर्यंत कशी झकास ओळ उभी राहिली! बायका लांबून बघत होत्या. एक शब्द नाही. मला वाटलं, दमल्यात बिचाऱ्या. ठाकुर्लीला रेल्वेच्या चाळीत माझा एक गाववाला राहायचा, त्याच्याकडे जाऊन मी ढाराढूर झोपलो.

रात्रीतून पाऊस परत लागला. सकाळी मी ऐटीत टेकाडावर गेलो, म्हटलं आज आशीर्वाद मिळणार. वर पोचलो आणि जागच्या जागी थिजलो.

सगळी छपरं ताठ, खाली जमीन कोरडी ठणठणीत, आणि आत बकऱ्या. बकऱ्या, कोंबड्या आणि दोन बोचकी. माणूस एक नाही. बायका बाहेर, धो धो पावसात, पोरांना पोटाशी धरून, डोक्यावर गोणपाटाच्या खोळी घेऊन खाडीकडे तोंड करून बसलेल्या. पोरं काकडत होती. ओठ निळे पडलेले.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? बकऱ्या कोरड्या आणि पोरं ओली? कुणासाठी केलं मी हे?"

त्यांच्यातली हिरा म्हातारी उठली. अंगानं काटकुळी, पण पाड्यात तिचा शब्द चालायचा. तिचा एकुलता एक मुलगा गणपत त्या मचव्यावर होता. तिकडे सगळ्यांना तू म्हणायचीच रीत, त्यामुळे मलाही तू.

"मास्तर, तू शिडा शिवतंस. शिडाखाली कंदी निजलास?"

म्हटलं, "माझी पोरं रोज निजतात."

तिनं कानांवर हात ठेवले. "नको बोलू असा! समुद्रात मानूस मेला का शीड उतरवतान आन त्याच्यावर घालतान. काठ येयापर्यंत तो त्याच्याखाली. आडव्या शिडाखाली मेलेला निजतं, जिता नाय निजत. आमचं बाप्ये अजून येयाचं हायत. आमी याच्याखाली निजलो त आमीच त्यांना मारला, झाला का नाय?"

जन्मभर शिडं शिवली, पण मचव्यावर एक रात्र काढलेली नाही. मी रत्नागिरीकडचा, आमच्याकडे असलं काही ऐकलेलं नव्हतं. दर बंदराची रीत निराळी. आणि मी या बायकांच्या डोक्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, आठ आडवी शिडं पसरून वर आशीर्वादाची वाट बघत होतो. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. घरी माझी पोरं आज दुपारी कुठे झोपतील, हाही विचार मनात येऊन गेला.

मी विचारलं, "आजी, मग करायचं काय? पोरं मरतील अशानं."

"उभा कर. उभा शीड म्हंजे मानूस वाटंत हाय."

तर मग आम्ही छपरं काढली. उंच बांबूची डोलकाठी, तिला आडवी काठी आणि तिच्यावर शीड चढवलं, थेट मचव्यासारखं. मी घातलेल्या चुण्या उसवल्या, शिडांना त्यांची पोटं परत दिली. वारा खाडीकडून, पाऊस तिरपा, म्हणून शिडाच्या मागे थोडा आडोसा व्हायचा. त्यात एकेक घर अंग चोरून बसायचं. वारा फिरला की शीड फिरवायचं. डोक्यावर काही नाही. छप्पर म्हणून विचाराल तर भिकार काम, धंद्यात मी असलं दुसरं केलं नाही. पण बायका पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. एकीनं मला चहा दिला, कुठून पैदा केला देव जाणे. खालून रेल्वेनं जाणारे लोक खिडकीतून माना काढून बघायचे, टेकाडावर शिडं कसली म्हणून.

मी ठाण्याला जाऊन-येऊन होतो. कापड, दोर, बांबू जे मिळेल ते न्यायचो. पाऊस मात्र पाठ सोडेना. शेवटच्या शिडामागे यमुना बसायची. तिचा नवरा नारू त्याच मचव्यावर, आणि मांडीवर गोदी नावाची चिमुरडी. गोदीला ताप भरला. पहिल्यांदा कण्हत होती, मग कण्हायचीही थांबली. मी म्हटलं, "बाई, पोरीला घेऊन गोदामात जा." ती नाही म्हणाली, तिकडे खाडी दिसत नाही. म्हटलं, "डॉक्टरला आणतो." डॉक्टर आला, गोळ्या दिल्या आणि माझ्यावरच डाफरला, "आधी पोरगी कोरडी ठेवा. अशीच भिजली तर मला परत बोलावू नका."

यमुनानं ते ऐकलं. शिडाकडे बघितलं. मग उठून माझ्याजवळ आली.

"मास्तर, गाठ सोडून दे."

मला कळलं तिला काय म्हणायचंय, आणि माझी हिंमत झाली नाही. मी हिरा म्हातारीकडे बघितलं. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही. यमुना माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. दोर भिजून फुगलेला, गाठ बोटांना सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडली. शीड धाडकन खाली आलं. तिनं त्याची कड उचलली, पोरीला घेतलं, आत शिरली आणि ओलं कापड दोघींवर ओढून घेतलं.

असा आक्रोश मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. सगळ्या बायका एकदम ओरडल्या. हिरा म्हातारी त्या शिडापाशी जाऊन, वाकून, त्या कापडाला सांगत होती, "यमे, तुज्या हातानं झाकलास गो नवऱ्याला! पांढऱ्या पायाचे! तुज्या एकटीचा नाय तो, मचव्यावर माजा पन पोर हाय!" मी दोन बांबू आत सरकवले, चारी कडा दगडांनी दाबल्या, आत निदान हवा राहील एवढं केलं. त्याबद्दल मलाही शिव्या बसल्या. त्या दिवसापासून यमुनेशी कुणी बोलेना. तिला पाणीसुद्धा मीच नेऊन द्यायचो. बाकीची शिडं ताठ उभी आणि टोकाचं एक भुईसपाट.

पोरगी मात्र जगली. ताप उतरला, खोकला राहिला. ती पेज मागायला लागली तेव्हा मी एकटाच तिकडे जाऊन रडलो, सांगायला कसली लाज.

मग आभाळ फाकलं. कडक ऊन पडलं, चिखल वाळला. मी एका शिडाची उसवलेली कड परत शिवत बसलो होतो. टेकाडाच्या पायवाटेनं एक माणूस वर आला. अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा, कमरेला दुसऱ्याचंच धोतर, एक पाय ओढत चाललेला. मला वाटलं सरकारी माणूस असेल. पण बायका उभ्या राहिल्या. एकीच्या हातातलं भांडं पडलं. कुणी हाक मारली नाही, कुणी पुढे झालं नाही. उलट सगळ्या मागे सरकल्या आणि त्याला वाट झाली. तेव्हा मला कळलं, आणि माझ्या हातातली सुई तळहातात घुसली तरी मी ती काढली नाही.

तो उभ्या शिडांमधून चालत आला. टोकाच्या आडव्या शिडाखालून पोरीचा खोकला ऐकू आला, तसा तो थांबला. गुडघे टेकून बसला आणि शिडाची कड उचलली.

"यमे," तो म्हणाला, "मी मेलो का गो?"

यमुनानं किंकाळी फोडली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि शीड परत तोंडावर ओढून घेतलं. भूत वाटलं असणार. तेवढ्यात आतून गोदीचा आवाज आला, "बाबा, ह्यो सदरा कोनाचा?" मग मात्र त्या शिडाखाली जे काही झालं, हसणं का रडणं, ते मला सांगता यायचं नाही. मी तोंड फिरवलं.

नारूनं सांगितलं ते एवढंच. पहिल्याच दणक्याला डोलकाठी मोडली आणि तिच्याबरोबर तो पाण्यात गेला. एक ओंडका हाताला लागला. वसईपल्याड तो काठाला लागला, कुणीतरी त्याला उचलून आपल्या वाडीत नेलं, तापात पडला, उठता आलं तसा चालत निघाला. पाड्याच्या जागी चिखल बघितला. मग वर बघितलं. "वाटला, मचवेच टेकाडावर चढले का काय."

हिरा म्हातारी सगळ्यांना सारून पुढे आली. "माजा गनपा?"

"काकी, मी पडलो तवा मचवा उलटला नव्हता. पुढं गेला. मी डोल्यांनी बघितला, पुढं गेला तो."

तिनं यमुनेच्या आडव्या शिडाकडे बघितलं. मग ओळीत आपलं शीड होतं तिकडे बघितलं. ते वाऱ्यानं भरून छान गोल फुगलं होतं. मी शिवलेलं होतं म्हणून सांगत नाही, पण खरोखर छान फुगलं होतं.

"मास्तर, माजा उतरव."

मला वाटलं, म्हातारीनं आशा सोडली. मी म्हटलं, "आजी, असं काय करता? तो म्हणतोय ना, मचवा शाबूत होता!"

"म्हनूनच बोलते! हिनी उतरवला, हिचा आला. आमी उभा धरला, आमचा कोन आला? उतरव बिगी, उशीर नको करू!"

मी गाठ सोडली. दोर हातातून सुटला आणि शीड तिच्या पायाशी पडलं. बाकीच्या तोवर थोड्याच थांबणार होत्या! एकेकीनं आपापली गाठ सोडली. धाड, धाड, सगळी ओळ खाली आली. पावसाचा थेंब नव्हता, ऊन रणरणत होतं, आडोशाची कुणाला गरज नव्हती, आणि त्या सगळ्या बाया आपापल्या पोरांना घेऊन त्या तापलेल्या कापडाखाली शिरत होत्या. शिरण्याआधी यमुनेला विचारत होत्या. त्याच बायका, ज्या तिला पाणी देत नव्हत्या.

"यमे, डोका कंच्या बाजूला केला व्हतास? खाडीकडं का पाय खाडीकडं?"

"उतरवताना काय बोल्लीस? देवाचा नाव घेतलास?"

यमुना म्हणत होती, "मना काय म्हाईत नाय गो, पोर भिजत व्हती." पण ऐकतंय कोण? हिरा म्हातारीनं तिला हात धरून नेलं, आपल्या शिडाची कड तिच्या हातात दिली आणि आपल्या अंगावर तिच्याकडूनच पांघरून घेतली. मग टेकाड शांत झालं. मी उन्हात एकटा उभा, आणि सभोवार जमिनीवर शिडं पसरलेली, प्रत्येकाखाली माणसांचे उंचवटे. समुद्रात जे एकट्या मेलेल्यासाठी करतात, ते इथे जित्यांची ओळच्या ओळ अंगावर घेऊन निजली होती, आणि कुणी यावं म्हणून. मी टेकाडाच्या पलीकडे जाऊन बसलो.

दुपारी पाहणीला साहेब आला. म्हणाला, "वादळ नाही, काही नाही, तंबू कसे पडले?"

म्हटलं, "पडले नाहीत साहेब, उतरवलेत." तो काय समजायचं ते समजून गेला.

मचवा आला नाही. त्याचं एक फळकूटही कुठे लागल्याचं ऐकलं नाही. पाडा पुढे वरच्या अंगाला परत वसला, नारू मिठागरावर कामाला गेला, पाण्यावर परत गेला नाही. माझ्या पोरांना मी शिडांच्या ढिगाकडे फिरकू दिलं नाही. असलं काही मानत नाही मी, पण नाही दिलं.

थंडी सरत आली असताना एक दिवस हिरा म्हातारी दुकानाच्या दारात उभी. ठाकुर्लीहून चालत आलेली, डोक्यावर ते शीड. चांगलं धुऊन, वाळवून, घडीवर घडी घातलेलं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. मी शिडावरून हात फिरवला. फाटलेलं नव्हतं, उसवलेलं नव्हतं. म्हटलं, "आजी, याला काय झालंय? काय करायचं याचं?"

"तूच सांग," ती म्हणाली. "उभा पन करून बगितला, आडवा पन करून बगितला. आता कसा धरू?"

कुणाही मचवेवाल्यानं शिडाबद्दल काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी तिच्यासाठी चहा मागवला.